सूर देणारा

त्या हिवाळ्यात तारा फार तुटत होत्या.

रविवारी दुपारी बेकरीच्या भट्ट्या निवल्या की माडीवरच्या पिठाच्या पोत्यांमधली मोकळी जागा झाडून मंडळी वाद्ये घेऊन बसत. गेल्या काही महिन्यांत असा एकही रविवार गेला नव्हता, की गाणे रंगात येते आहे आणि कुणाची तरी तार फटकन उडाली नाही. ग्रंथपाल बाईंच्या मेंडोलिनची तर सलग चार आठवडे. पाचव्या आठवड्यात तारेने त्यांच्या मनगटावर बारीक लाल रेघ ओढली, तेव्हा बेकरीवाला डफ मांडीवर पालथा घालून म्हणाला, "बाई, पुस्तकं मागून मागून लोकांना पिडता ना, त्यांचे तळतळाट आहेत हे."

"तळतळाट कसले? तारा हलक्या आल्यात," बाई रुमाल गुंडाळत म्हणाल्या. "पूर्वीची तार नातवंडांना पुरायची."

"पूर्वी नातवंडंही लवकर व्हायची, बाई."

हशा पिकला. थंडी, हलका धातू, पिठाची धूळ; कारणांना तोटा नव्हता. खरे कारण मात्र त्या सगळ्यांच्या मधोमध, गुडघ्यांत एक भलेमोठे वाद्य धरून बसले होते, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. किंवा, पुढे त्याने स्वतःपाशी कबूल केले त्याप्रमाणे, ते ठाऊक करून घेण्याची त्याची छाती नव्हती.

तो पत्र्याचे काम करी. मोठमोठ्या इमारतींच्या छतांमधून हवा खेळवणाऱ्या चौकोनी नळ्या वाकवून, ठोकून, जोडून देणे हा त्याचा सव्वीस वर्षांचा धंदा. कारखान्यात त्याच्या डाव्या हाताला पत्रा कापण्याचे यंत्र होते. ते दर अर्ध्या मिनिटाने अशी किंकाळी फोडी, की माणसे एकमेकांशी बोटांनीच बोलत. तिथे त्याला कुणी हाक मारीत नसे. मारली असती तरी पोचली नसती. घरी बायको आणि कामावर मुकादम, दोघेही त्याला कामाच्या यादीपुरते ओळखत. सहा दिवस तो कुणीही नव्हता. सातव्या दिवशी मात्र चौदा माणसे आपापल्या वाद्यांच्या तारा मुद्दाम सैल सोडून, श्वास धरून, त्याच्या तोंडाकडे पाहत बसत.

कारण त्या माडीवर सूर तो देत असे.

मंडळीची रीतच तशी होती. सूर सांगणारी यंत्रे वर्ज्य. मोबाईल खाली जिन्यापाशी पावाच्या टोपलीत टाकून यायचे. कुणाच्या पिशवीत साधी शिट्टीसुद्धा नसे. सगळे स्थिरावले की तो 'थोरल्यां'वर वाकायचा. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून त्या जाड तारांच्या वाद्याला सगळे 'थोरले' म्हणत. त्याच्या लाकडी मानेला डावा कान टेकवायचा, डोळे मिटायचे आणि खुंटी फिरवीत फिरवीत आठवणीच्या तळातून एक सूर वर काढायचा. त्या सुरावर मग सगळ्यांनी आपापल्या तारा बांधायच्या. आधी तीस वर्षे हे वडिलांनी केले, मग त्याने. आणि एकदा दिलेला सूर बैठक उठेपर्यंत बदलायचा नाही. दिलेला सूर परत घेत नाहीत, असे म्हणत. जेवणाऱ्याच्या पुढ्यातले ताट ओढून घेत नाहीत तसे.

त्याची थोरली बहीण, ताई, त्याच मंडळीत गात असे. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती; वाफेच्या इस्त्र्यांखाली दिवसाला चारशे चादरी काढायची. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि ती पंधराची. आईची तीन भांडी, एक शाल आणि एक गाणे एवढेच मागे उरले होते. भांडी झिजली, शाल विरली, गाणे तेवढे ताईच्या गळ्यात धड राहिले. नदीच्या अलीकडच्या काठावर उभी असलेली एक बाई पलीकडच्या नावाड्याला हाका मारते, इतकेच ते गाणे.

पल्याडच्या नावाड्या रे, नाव आण ना,
भरल्या पाण्यावरून माझी हाक जाईना...

त्यातला हाकेचा 'रे' इतका उंच होता, की ताई तो लावायची तेव्हा बेकरीवाला डफावरचा हात आपोआप उचलून धरायचा. तो सूर येऊन गेला, की खोलीत पाण्याचा गारवा आल्यासारखे वाटे.

गेल्या पानगळीत तो 'रे' पहिल्यांदा चिरकला.

पहिल्या वेळी ती हसली. दुसऱ्या वेळी खोकल्याचे निमित्त केले. तिसऱ्या वेळेपासून ती कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू लागली, गळ्याला फडके बांधू लागली, आवाज राखायचा म्हणून धुलाईघरात दिवसभर चिठ्ठ्या लिहून बोलू लागली. तिथल्या बायका म्हणत, "ताईंनी मौन धरलंय, आता थेट समाधीच." डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला आणि म्हटले, विशीतल्या मुलीसारखा आहे. त्याने तर ती पुरतीच खचली. आजार असता तर औषध असते. आजार नाही, म्हणजे वय. आणि वयाला कुणाची चिठ्ठी चालत नाही.

गुरुवारी संध्याकाळी तो तिच्याकडे गेला, तेव्हा तिने त्याच्या हातात न विचारता चादरीची दोन टोके दिली. लहानपणापासूनची त्यांची ती कवायत होती. दोघांनी ताणायचे, जवळ यायचे, टोकाला टोक लावायचे.

"रविवारी मी गाणं सोपवणार आहे," ती म्हणाली. "ग्रंथपाल बाईंना विचारलंय. हो म्हणाल्या."

त्याच्या हातातले टोक सुटले.

मंडळीत प्रत्येक गाण्याला त्याचा माणूस असे. ज्याचे गाणे, ते त्यानेच सुरू करायचे. सोपवायचे झाले तर घेणाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून अखेरचे एकदा पूर्ण गायचे. शेवटची ओळ संपली की गाणे गेले. त्यानंतर देणाऱ्याने ते ओठांवर आणायचे नाही, भांडी घासतानाही नाही. मंडळीतल्या बसचालकाने आपले एक गाणे असेच पुतणीला दिले होते. पुढे कधी चाक फिरवताना नकळत गुणगुणला, तर स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरायचा, असे तो सांगे. ते सांगताना तो हसायचा. ऐकणारे हसत नसत.

"घाई करू नकोस, ताई."

"घाई? पाच महिने झाले. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तशी ओरडते मी. लोक माना खाली घालतात. दिसत नाही का मला?" तिने चादर पुन्हा त्याच्याकडे फेकली. "धर नीट. नवव्या वर्षापासून शिकवतेय, अजून टोक धरता येत नाही."

"थंडी ओसरली की..."

"थंडीचं नाव नको काढूस. तू देतोस तो सूर नीटच असतो. मीच पोचत नाही तिथवर." ती जवळ आली, टोकाला टोक लावले, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आईला काय तोंड दाखवू रे मी?"

त्याने घडी तिच्या हातात दिली आणि तो घरी निघाला.

पानगळीतच कारखान्याने सगळ्यांचे कान तपासून घेतले होते. काचेच्या खोक्यात बसवून तपासनिसाने त्याला शिट्ट्या ऐकवल्या, कागदावर ठिपके काढले आणि विचारले होते, "डाव्या कानानं एकच आवाज जरा खाली ऐकू येतो का? उजव्यापेक्षा वेगळा?"

"नाही," तो म्हणाला होता. इतक्या झटकन, की तपासनिसाने चष्म्यावरून पाहिले होते.

घरची किटली हल्ली दोन सुरांत शिट्टी घालायची. टेलिफोन डाव्या कानाला लावला की बायकोचा आवाज पुरुषी वाटायचा. हे सारे त्याने एकेका दिवसाखाली दडपून ठेवले होते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा त्याने डावा कान दाबला, मग उजवा. भोंगा एका कानात उभा होता आणि दुसऱ्यात एक पायरी खाली उतरून बसला होता. त्याने लगेच हात खाली घेतला, दुसऱ्याचे पत्र चुकून उघडल्यावर घाईघाईने मिटावे तसा. ज्या माणसाकडे एकच गोष्ट आहे, तो ती हरवली आहे का हे पाहायला खिशात हात घालत नाही.

रविवारी माडीवर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ताई सोपवणार ही बातमी पसरली होती. आणि तीन वर्षांनी पोस्टमन आला होता. निवृत्त होऊन तो दूर लेकीकडे राहायला गेला, तेव्हापासून मंडळीत अकॉर्डियन नव्हते. आज ते पाठीवर लादून, धापा टाकीत, तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला.

"पत्ता हाच ना? की बदललात?"

"पत्ता तोच, पण टपाल तीन वर्षं उशिरा," बेकरीवाला ओरडला. "या काका, या. पोत्यावर बसा, पीठ लागेल, पण तुम्ही आधीच पांढरे झालाय."

सगळे बसले. ताई भिंतीपाशी, मांडीवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लागण्याची वाट पाहावी तशी. तो थोरल्यांवर वाकला. मानेला डावा कान टेकवला. खोली शांत झाली. त्याने आतला तो जुना सूर शोधला आणि खुंटी फिरवली. तार अजून उतरलेली वाटत होती. अजून जरा. अजून. लाकूड करकरले. मग आत आणि बाहेर एक झाले, आणि त्याने सूर दिला. चौदा वाद्ये त्याच्यामागे चढत गेली, मेंडोलिनची तार या वेळी कशीबशी टिकली, आणि शेवटी पोस्टमनने भाता उघडून तोच सूर दाबला.

एकाच अरुंद दारातून दोन माणसांनी एकदम आत घुसावे तसे झाले. दोघेही अडकले.

"अहो काका! तुमची पेटी आजारी आहे," बेकरीवाला म्हणाला.

पोस्टमनने पुन्हा दाबले. पुन्हा तेच. "मागल्याच महिन्यात कारागिराकडून तपासून आणलीय," तो पुटपुटला.

"मग कारागिराला दाखवा कुणाला तरी."

"लेकीकडे दमट हवा असेल," ग्रंथपाल बाई समजुतीने म्हणाल्या. "आमच्याकडे पुस्तकंसुद्धा फुगतात."

पोस्टमन ओशाळा हसला. एकीकडे एक पेटी, दुसरीकडे चौदा वाद्ये आणि दोन पिढ्यांचा कान. "असेल बाबा," तो सूर देणाऱ्याकडे पाहून म्हणाला. "तुझ्या वडिलांचा सूर आहे तो, त्याच्याशी मी कोण भांडणार?" आणि पट्टे आवळून त्याने पेटी जिन्याच्या वळणावर नेऊन ठेवली.

पहिले गाणे सुरू झाले. त्याने चार आवर्तने कशीबशी धरली, मग थोरल्यांना पोत्याला टेकवून उठला आणि पोस्टमनला खूण करून जिन्यावर घेऊन गेला.

"काका, एकदाच. तोच सूर. हळू."

पोस्टमनने भाता किंचित ओढला. त्याने डावा कान तळहाताने घट्ट मिटला.

तो सूर आला. वडिलांचा. धावत्या मुलाला पाठीमागून कुणी अचूक ओळखावे, तसे त्या सुराने त्याला ओळखले. त्याने तळहात बदलला, उजवा कान मिटला. आणि तोच सूर त्याच्या डोळ्यांदेखत खचला, कडेची माती सुटावी तसा खाली घसरला. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. तीनदा त्याने ते करून पाहिले. तिन्ही वेळा उत्तर एकच आले.

"किती चढलोय आम्ही?" त्याने विचारले.

पोस्टमन जिन्याच्या कठड्याकडे पाहत राहिला. "दीड सूर तरी असेल. आल्या आल्या वाटलं मला. पण म्हटलं, एवढी माणसं कशी चुकतील?"

दीड सूर. पाच महिने ताई रोज मिठाचे पाणी घशात खळखळवत होती. पाच महिने ती चिठ्ठ्या लिहीत होती. तो तिला दर रविवारी एकेक पायरी काढून घेतलेल्या शिडीवर चढवत होता, आणि ती पडली की इतरांबरोबर मान खाली घालत होता.

आत गाणे संपले. बेकरीवाल्याचा आवाज आला, "ताई, या मग."

तो परत येऊन बसला, तेव्हा ग्रंथपाल बाई आणि ताई गुडघ्याला गुडघा लावून बसल्याही होत्या. बाईंचे डोळे आतापासूनच भरले होते. त्याने थोरल्यांना जवळ ओढले आणि, माणूस बुडताना आधी हातातली पिशवी वाचवायला जातो, तसा तो आधी स्वतःची अब्रू वाचवायला गेला.

"जरा थांबा," तो म्हणाला. "गारठ्यानं तारा चढल्यात. पुन्हा लावू. थोडं खाली."

कुणी खुंटीला हात लावला नाही.

"दिलेला सूर परत घेत नाहीत," ग्रंथपाल बाई हळूच म्हणाल्या.

"आजच्या दिवस."

"आजच का?" ताईने विचारले. तिने मान वळवली नव्हती. "माझ्यासाठी? म्हातारीला चढवत नाही म्हणून पायरी खाली आणून देतोयस?"

"तसं नाही, ताई."

"मग कसं? तीस वर्षं आबांनी कुणासाठी सूर हलवला नाही, अन् तू माझ्यासाठी हलवणार. सगळ्यांसमोर. शेवटच्या दिवशी." तिने गळ्याचे फडके आवळले. "दया नको करूस रे माझी. एवढं एक तरी नको करूस."

आता पळायला वाट नव्हती.

"माझा कान गेलाय," तो म्हणाला. "डावा. वर्ष होत आलं असेल. मला सूर खाली ऐकू येतो, म्हणून मी वर वर ओढत गेलो. तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही, ताई. मी चुकीचा सूर देतोय."

बेकरीवाल्याने आपला पिठाळ हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "अरे, बहिणीसाठी लोक मूत्रपिंड देतात ऐकलं होतं," तो मऊ आवाजात म्हणाला. "हा गडी कान द्यायला निघालाय."

सगळे हसले. ते हसणे इतके मायेचे होते, की त्याला ओरडावेसे वाटले. बसचालकाने मान हलवली, बाईंनी डोळे पुसले. खोटे बोलतो म्हणून ते सारे त्याच्यावर आज नेहमीपेक्षा जास्त प्रेम करीत होते.

"तो खरं बोलतोय," दारातून पोस्टमन म्हणाला.

"काका, तुम्ही गप्प बसा. आजारी पेटीचे नातेवाईक तुम्ही, तुमची साक्ष कोण धरणार?"

पुन्हा हशा. ताई मात्र हसली नाही. तिने भावाकडे एकदाच पाहिले, आणि त्या नजरेत आभार नव्हते. आपला पराभवही आपल्याला धड भोगू दिला जात नाही, अशा माणसाची ती नजर होती. मग तिने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

सुरुवात खालच्या अंगाने होती. तिथे ती अजून सुरेख होती. रीतीप्रमाणे तिच्याखाली थोरल्यांचा अखंड सूर धरायचा होता, आणि त्याचे हात तो धरू लागले. हातांना लाज कळत नाही. वाद्ये एकेक करून मिसळली. बाईंचे ओठ न बोलता शब्द टिपत होते. त्याला ताईच्या मानेवरची शीर दिसत होती, फडक्याच्या वर निळी, ताणलेली. पुढच्या ओळीला हाक होती. हाक चिरकणार होती. चिरकली तरी ती थांबणार नव्हती. तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता. रक्त आले तरी ती शेवटच्या ओळीपर्यंत जाणार, आणि मग उरलेल्या आयुष्यात चादरी घडी करताना स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरणार.

पल्याडच्या...

त्याने खुंटी धरली आणि उलटी फिरवली.

एक वेढा, दोन, तीन. थोरल्यांच्या पोटातून गुरासारखा हंबरडा निघाला. सूर खाली, अजून खाली, सुराच्याही पलीकडे घरंगळत गेला, आणि तार लाकडावर नुसती फडफडत राहिली. मेंडोलिन अडखळले, गिटारी थांबल्या, डफाचा एक ठोका एकटाच पडला. ताईचे तोंड 'नावाड्या'च्या अर्ध्यात उघडे राहिले.

त्या माडीवर असे कधी कुणी केले नव्हते. बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावरचे हसू गळून पडले. पुढ्यातले ताट ओढले गेले होते.

"आता तरी खरं वाटेल?" तो म्हणाला. स्वतःचा आवाजही त्याला दोन कानांत दोन ठिकाणी ऐकू येत होता. "प्रेमानं कुणी असं करतं का? काका, पेटी आणा. सूर तुम्ही द्या."

पोस्टमनने पेटी आणली, भाता उघडला. तो सूर खोलीत आला आणि कुणी त्याच्यावर हसले नाही. माणसे मान तिरकी करून ऐकत राहिली. ग्रंथपाल बाईंनी मनगटावरच्या लाल रेघेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी आपल्या तारेची खुंटी सैल केली, बसचालकाने गिटारीची, पाठोपाठ सगळीकडून लाकूड कुरकुरल्याचे आवाज आले, एखादी सभा न बोलता उठून चालल्यासारखे.

"किती दिवसांपासून ठाऊक होतं तुला?" ताईने विचारले.

"आज कळलं."

"खोटं बोलू नकोस."

तो खाली पाहू लागला. "पानगळीत तपासणी झाली. त्यानं विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"पानगळीत." तिने तो शब्द चादरीवरचा डाग पाहावा तसा उलटून पालटून पाहिला. "त्याच महिन्यात मी डॉक्टरकडे गेले. तू बरोबर होतास. बाकावर बसून माझी पिशवी धरली होतीस."

"हो."

"आईला काय तोंड दाखवू, असं मी म्हटलं गुरुवारी. तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने गळ्याचे फडके सोडले, नीट चार घड्या घालून मांडीवर ठेवले, आणि आपला गुडघा ग्रंथपाल बाईंच्या गुडघ्यापासून एक वीतभर मागे घेतला. बाईंनी जोराने मान हलवली. त्यांना ते गाणे मुळात नकोच होते, हे तेव्हा सगळ्यांना दिसले. पोस्टमनने भाता संथ धरला होता. ताई त्या सुरावर आली.

आणि हाक गेली.

ती चिरकली नाही. ती पोत्यांवरून, कपाळांवरून, खिडकीच्या धुरकट काचेवरून सरळ पलीकडे गेली. बेकरीवाल्याने हात वर उचलून धरला तो खाली घ्यायचेच विसरला. बसचालक उघडउघड रडत होता. सगळ्यांनी ती अखंड ऐकली, एक त्याच्याखेरीज. त्याच्या उजव्या कानात ताई उभी होती, आणि डाव्यात तिच्याजवळ, तिच्या खाली, दुसरीच कुणी बाई तीच हाक जड आवाजात ओढीत होती. दोघींमध्ये एक आंबट, कुरतडणारी फट होती, आणि ती मिटत नव्हती. त्याने डावा कान दाबून धरला. मग ताई एकच राहिली, पण अर्धी खोली नाहीशी झाली. आईचे गाणे वाचले होते. ते पुन्हा धड ऐकणे मात्र त्याच्या वाट्याला नव्हते, आणि याची तक्रार कुणाकडे न्यावी हे त्याला कळेना.

गाणे संपले. बेकरीवाल्याने घसा खाकरला, आणि ताईच्या भावाकडे न पाहता, जरा जास्तच मोठ्याने म्हणाला, "पुढं कुणाची पाळी?"

बसचालकाची पाळी होती. पण थोरल्यांची तार सुटलेली होती, आणि थोरल्यांवाचून त्याचे उरलेले गाणे उभे राहत नसे. सगळे थांबले. ताईचा भाऊ खुंटीवर बोटे ठेवून बसला होता; ती कुठवर फिरवायची हे त्याला ठाऊक नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षी वडिलांनी शिकवल्यापासून प्रथमच ठाऊक नव्हते.

ताई उठली. त्याच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. त्याची बोटे तिने खुंटीवरून बाजूला केली, जरा खसकन, शेंबडे नाक पुसताना मूल हलले तर करावी तशी. पोस्टमनने सूर धरला. ती खुंटी फिरवीत गेली, एका हाताने तार छेडीत, मान खाली घालून, आणि सबंध वेळात तिने त्याच्या डोळ्यांना डोळा दिला नाही.

"बरोबर आहे?" तिने विचारले, कुणालाही विचारावे तसे.

"मला कळत नाही, ताई."

तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने खुंटी आणखी केसभर आवळली.

"वाजव," ती म्हणाली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

त्याने तार छेडली. लाकूड घुमले, छातीला धक्का लागला, दोन्ही कानांत दोन वेगळ्या गोष्टी शिरल्या. आणि सूर लागला आहे की नाही हे समजून घेण्यासाठी तो एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.